आपली नावे आणि भाषांतर



गावाकडच्या आईला इथे ब्रिटनमध्ये आणायचे, तर इंग्रजी वा वेल्श नसलेल्या प्रत्येक कागदाला संपूर्ण भाषांतर जोडावे लागते. त्यावर ते अचूक असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही व संपर्काचा तपशील हवा. इथवर सोपे.

घोटाळा होतो आपल्या नावांचा. ग्रामपंचायतीत वडील अबाजी, सिनेगॉगच्या वहीत अब्राहम. मग भाषांतरकाराला आपणच म्हणतो, "जरा नीट करून घाला." तसे करू नये. आम्ही परिचारिका, केसपेपरवर खाडाखोड करायची नाही, हे आमच्या अंगी भिनलेले. मुळात अबाजी, तर भाषांतरातही अबाजीच. माणूस एकच, हे वेगळ्या प्रतिज्ञापत्रात सांगावे.

2012 पासून नियम फार कडक, आम्ही तर म्हणू निष्ठुर, झाला. आईला अंघोळ, कपडे, जेवण यांना रोज दुसऱ्याचा हात लागतो आणि तशी शुश्रूषा तिकडे मिळत नाही किंवा परवडत नाही, हे पुराव्याने दाखवावे लागते. डॉक्टरांच्या दाखल्याबरोबर शेजारणीने मराठीत लिहून दिले असेल, "म्हातारीला आपल्याने उठवत नाही", तर भाषांतरात तेच यावे. नुसते 'अशक्त' लिहिले, तर दोन माणसे धरून तिला उठवतात हे साहेबाला कळायचे कसे?