भूकंप न होणाऱ्या गावातला भूकंप

मंडळाच्या चिटणीसांनी फोनवर भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, भूकंपावर बोलतो. क्षणभर पलीकडून आवाजच नाही. मग म्हणाले, "चालेल, पण लोक जेवून येणार आहेत, फार घाबरवू नका." तेव्हा बेतानं बोलतो.

5 एप्रिल 2024, शुक्रवार, सकाळी 10 वाजून 23 मिनिटं. न्यू जर्सीत आल्यापासून ज्याला भेटतो तो आपापली कथा ऐकवतो. कुणाला वाटलं फर्नेस उडाला, कुणाला वाटलं बर्फ काढायची गाडी आली. एप्रिलात! भूकंप मात्र फारच थोड्यांच्या डोक्यात आला. व्हाइटहाउस स्टेशनजवळ झालेला 4.8 चा तो धक्का व्हर्जिनियापासून मेनपर्यंत जाणवला. न्यूयॉर्ककरांच्या फोनवर सरकारी इशारा वाजला तो अर्ध्या तासाहून अधिक उशिरा. पुढे 8 तारखेला खग्रास सूर्यग्रहण आणि 9 ला गुढीपाडवा, म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या ज्योतिषांना आठवडाभर उसंत नसणार.

एवढ्याशा धक्क्याचा एवढा बोभाटा का? माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो. पक्का असला तर खणखणतो, चीर गेलेली असली तर बद्द वाजतो. जमिनीचंही तसंच. कॅलिफोर्नियाचं भूकवच जागोजागी भेगाळलेलं, तिथं भूकंपाच्या लाटा लवकर विरतात. इथला खडक जुना, थंड आणि त्यामानानं सलग, म्हणून त्या दूरवर पोचतात. 2011 मध्ये व्हर्जिनियात 5.8 चा भूकंप झाला, तेव्हा सव्वाशे किलोमीटरहून दूर असलेल्या वॉशिंग्टन स्मारकाला तडे गेले. दुरुस्त होऊन ते उघडायला मे 2014 उजाडलं.

तुमच्या भूकंपात इमारती बहुतेक शाबूत राहिल्या. पण रेडिंग्टनमधल्या अठराव्या शतकातल्या एका दगडी पिठाच्या गिरणीची दर्शनी भिंत ढासळली. ते फोटो पाहिले आणि मला थेट मराठवाड्यातलं औसा-उमरगा आठवलं.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून गावं झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला 6.2 चा भूकंप झाला. तुमच्या धक्क्याच्या सुमारे सव्वाशेपट ऊर्जा. तरी जगाच्या हिशेबात मध्यमच. आठ ते दहा हजार माणसं गेली. भूकंपाच्या नकाशावर तो मुलूख सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. बरं, जमिनीनं आधी काही सांगितलं नव्हतं असंही नाही. 1992 मध्ये तिथं छोटे धक्के बसत होते, ऑक्टोबरात तर चांगला जाणवेल असा बसला. लोक धास्तावले. पुढे काही झालं नाही, आणि माणसं पुन्हा घरात निजू लागली. त्यांना दोष देणं मला कधीच जमलं नाही.

मी स्थापत्य अभियंता. भूकंपानंतर तिकडं घरांच्या मजबुतीकरणाच्या कामावर होतो. तिथली भिंत तुम्हाला दाखवतो. दोन-तीन फूट जाड, कारण उन्हाळा आणि चोर दोन्ही बाहेर ठेवायचे. शिवाय भिंतीच्या जाडीवर घराण्याची पत. बाहेरून घडीव दगडांचा थर, आतून दुसरा थर, मधे गोटे आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही. माथ्यावर लाकडी खणांचं माळवद, त्यावर फूट-दीड फूट माती, आणि गळतं म्हणून दर पावसाळ्याआधी वर आणखी माती. जमीन हलली तशी भिंत मधून फाटली, एक थर आत, एक बाहेर. कित्येक ठिकाणी खांब उभे आणि भिंती जमीनदोस्त, असं मी पाहिलंय.

आम्ही सांगायचो, दगड वाईट नाही. आरपार दगड घाला, दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा द्या. एका आजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दगडानं आमची मान्सं खाल्ली, आन् तुमी पुन्ना दगूडच लावा म्हन्ताव?" कितीतरी लोक भर उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, पण दगडी घरात जाईनात. तांत्रिकदृष्ट्या आमचं बरोबर होतं. आजोबांसमोर त्याचा काय उपयोग!

भूकंप विरळा असला की गवंड्याच्या हाताला त्याची आठवण राहत नाही. जपानात किंवा आसामात राहते. इथल्याही बांधकामाला ती नाही. न्यूयॉर्क शहरानं भूकंपाचे नियम लागू केले ते 1996 मध्ये. त्याआधीच्या विटांच्या इमारती जशा होत्या तशा उभ्या आहेत. उद्या त्या पडतील असं मी म्हणत नाही. घर मात्र एकदा त्या नजरेनं बघा. विटांचं धुराडं जुनं असेल तर छपरावरच्या भागातला चुना-सिमेंट भुसभुशीत झालाय का, हे गवंड्याकडून तपासून घ्या. विम्याची पॉलिसी काढून वाचा, भूकंप त्यात बहुधा नसतो, वेगळा घ्यावा लागतो.

हादरा बसलाच तर बाहेर पळू नका, भक्कम टेबलाखाली जा. इथं धुराड्याच्या आणि कठड्याच्या विटा नेमक्या दाराबाहेर पडतात. मराठवाड्यातल्या त्या घरांसाठी हाच सल्ला मी दिला नसता, हेही सांगतो. त्या माळवदाखाली टेबल टिकलं नसतं. सल्ला भिंत बघून द्यायचा असतो. तेव्हा आता प्रश्न विचारताना आधी तुमचं घर विटांचं की लाकडी सांगाड्याचं, ते सांगा. आणि वॉटर हीटर पट्ट्यांनी भिंतीला कसा आवळायचा, ते चहाच्या वेळी कागदावर काढून देतो.