पैज किती लावायची?



पोकर शिकणारा नवा खेळाडू पैज लावतो ती स्वतःच्या हातातली पानं बघून. पानं जितकी चांगली, तितकी पैज मोठी. माझ्या मते आकडा ठरवताना आधी समोरच्याकडे बघावं. आपण पैज लावतो तेव्हा पुढचं पान बघायला त्याला किती मोजावे लागतील, ते आपणच ठरवत असतो.

आजचा डाव चिंचोक्यांवर मांडू. पैसे लावून ऑनलाइन खेळायला २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंत पोकरची टेबलं आहेत, पण हा हिशेब शिकायला तिथवर जायची गरज नाही.

पोकरच्या टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाच्या हाती दोन पानं असतात आणि मध्ये सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात. समजा, त्यांतली चार उघडली आहेत. त्यांत दोन बदाम आहेत, एक्का नाही, जोडीही नाही. तुमच्या हाती दोन काळे एक्के, समोरच्याच्या हाती दोन बदाम. पाचवं पान बदाम निघालं तर त्याचे पाच बदाम जमतात, तीन पत्तीत ज्याला कलर म्हणतात तसे, आणि डाव त्याचा. बदाम आला नाही तर तुमचा. मध्ये, म्हणजे पॉटमध्ये, १०० चिंचोके जमले आहेत.

आता त्याच्या जागेवर बसा. एकूण १३ बदामांपैकी ४ त्याला दिसतात, ९ उरले. ५२ पानांतली ६ त्याने पाहिली, ४६ पाहिलेली नाहीत. म्हणजे ४६ पैकी ९ पानं त्याच्या कामाची आणि ३७ तुमच्या.

तुम्ही ५० लावले. त्याला ५० टाकून पॉटमधले १५० मिळवायचे आहेत. असा डाव ४६ वेळा झाला असं धरा. ९ वेळा तो दीडशे जिंकेल, ते झाले १,३५०. ३७ वेळा ५० घालवेल, ते झाले १,८५०. शेवटी तो ५०० नी खाली. आता ५० ऐवजी २० लावा. ९ वेळा १२० म्हणजे १,०८० त्याची कमाई आणि ३७ वेळा २० म्हणजे ७४० नुकसान. तो ३४० नी वर गेला. पानं तीच, माणसं तीच, फक्त तुमचा आकडा बदलला. मधली रेघ ३२ च्या आसपास पडते. तिच्या खाली पैज लावली तर त्याने पान बघणंच शहाणपणाचं, वर लावली तर त्याने पानं टाकणं.

मग हजार लावून त्याला उठवूनच का देऊ नये? अनेकजण तसंच करतात, आणि मला ते पटत नाही. तो दर वेळी पानं टाकून उठला, तर ४६ डावांत तुम्हाला ४,६०० मिळतात. ५० लावल्यावर तो मोहाने थांबला, तर तुमची कमाई ५,१०० होते. त्याची चूक तुमच्या पदरात पडते. २० लावून तो थांबला तर ४,२६०. आणि काहीच न लावता पान फुकट दाखवलंत तर फक्त ३,७००. शेवटच्या दोन आकड्यांकडे नीट बघा. लहान पैज सदोष असली, तरी फुकट पानापेक्षा ती बरी.

एक गोष्ट इथे सुटून जाते, आणि बहुतेक चिंचोके तिथेच जातात. बदाम उघडल्यावर तो नवी पैज लावतो आणि तुम्हाला एक्के सोडवत नाहीत. त्याचं ५०० चं नुकसान ९ विजयांवर वाटलं, तर प्रत्येकी ५६ च्या आत येतं. म्हणजे बदाम आल्यावर दर वेळी तुम्ही आणखी ५६ चिंचोके देत राहिलात, तर आधी नेमकी लावलेली पैज वाया गेली. तिसरा बदाम मध्ये पडला की एक्के ठेवून देता आले पाहिजेत.

शेवटचं पान उघडल्यावर हाच हिशेब थापेला, म्हणजे ब्लफला, लागू होतो. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ साली काढलेल्या खेळ-सिद्धांतावरच्या ग्रंथात पोकरसाठी एक अख्खा विभाग दिला. थाप ही लहर नाही, उत्तम खेळाचा तो हिशेबी भाग आहे, असं त्यातून दिसतं. पॉट १०० आणि पैजही १०० असेल, तर समोरच्याला १०० टाकून २०० मिळवायचे असतात. तिनांत एकदा तो बरोबर ठरला की त्याची भरपाई होते. म्हणून अशा पैजांत एक तृतीयांश थापा असल्या, की धरावं की सोडावं हे त्याला ठरवता येत नाही. पैज ५० ची असेल तर थापांचा वाटा चौथ्या हिश्श्यावर येतो. पैज जितकी मोठी, तितकी तिच्यात थापेला जागा जास्त.