‘वय झाले’ ही सबब



माझे एक चुलते निजामी अमलात निलंग्याच्या मुलखात पटवारी होते. पंचाहत्तरी ओलांडेपर्यंत त्यांच्या नजरेत, स्मरणात आणि करारीपणात तसूभर उणीव आली नव्हती. पुढे मात्र दोनेक वर्षांत, भिंत ओल धरून खचावी तसे ते खचत गेले. चार पायऱ्या चढताच धाप लागे, वरणात चिमूटभर तिखट पडले तरी जीभ सोलल्यासारखी पोळे, आणि अंगणातून ओसरीवर येईतो पायातली चप्पल मागे कोठे निसटली याचा त्यांना पत्ता नसे. सकाळी तोंडावर पाणी मारण्यासाठी डोळे मिटले की तोल जाई. ‘आता वय झालं’, असा घरात एकमुखाने निवाडा झाला होता आणि खुद्द काकांनी त्यावर सही केली होती. एका दवाखान्यात ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. त्या त्यांनी सहा महिने इमानेइतबारे घेतल्या आणि होते तेथेच राहिले.

पांडुरोगावर, म्हणजे रक्त कमी होण्यावर, लोह देण्याची आपली परंपरा पुरातन आहे. चरकसंहितेत या रोगाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि लोहाचे कल्प त्यात सांगितले आहेत. परंतु लोह उणे पडले म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी खुज्या निपजतात, आणि रक्त तपासले तेव्हा काकांच्या पेशी तर प्रमाणाबाहेर मोठ्या, लंबगोल आणि संख्येने विरळ होत्या. अस्थिमज्जेत पेशीची वाढ होत राहावी, पण केंद्रकाची फाळणी मुदतीत होऊ नये, आणि अशा अर्धवट घडलेल्या पेशी पुष्कळशा जागच्या जागीच नष्ट व्हाव्यात, असा हा विकार असून, त्याचे मूळ ब-१२ अथवा फॉलिक आम्ल या दोन जीवनसत्त्वांच्या अभावात असते. लोहाचीही उणीव जोडीला असली तर एक पेशीला लहान करते, दुसरी मोठी, आणि अहवालातील सरासरी आकार अगदी निर्दोष दिसतो. हा घोटाळा चांगल्या चांगल्यांना चकवतो.

यातील फॉलिक आम्लाचा शोध मुंबईपासून सुरू होतो, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी ज्या पांडुरोगाने दगावत, त्याचा तपास करताना त्यांना आढळले, की यकृताचा कच्चा अर्क गुण देतो, शुद्ध केलेला देत नाही, आणि यीस्टचा स्वस्त अर्क मात्र रोग्याला उठवून बसवतो. यीस्टचा हा गुण त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे उलगडले.

आपल्या ताटात हरभरा, तूर आणि पालेभाजी असल्यामुळे फॉलिक आम्लाची चणचण सहसा त्यालाच पडते, ज्याचे दात गेले आणि जो चहात बुडवलेल्या पावावर दिवस काढतो. ब-१२ची गोष्ट निराळी. ते ना वनस्पती तयार करते ना प्राणी. तयार करतात ते केवळ सूक्ष्म जंतू. गाईम्हशींच्या पोटात असे जंतू नांदतात, म्हणून ते दुधात उतरते. माळकरी माणसाला दूध, दही आणि ताक हीच काय ती त्याची वाट. आणि आमच्या घरचे दूध तर पहाटेच डेअरीला जाई, काकांच्या वाट्याला कोरा चहा येई.

मग साठ-सत्तर वर्षे निभावले कसे? आपल्या वाडवडिलांचे धान्याचे पेव आठवा. शरीरात, मुख्यत्वे यकृतात, या जीवनसत्त्वाचा दोन ते पाच मिलिग्रॅम साठा असतो आणि दररोजचा खर्च असतो अवघा दोनेक मायक्रोग्रॅम. जमा थांबली तरी पेव वर्षानुवर्षे पुरते, आणि रिते होते ते नेमके उतारवयात. त्याच सुमारास जमेची बाजूही लंगडी पडते. अन्नातील ब-१२ सुटे करण्यास जठराम्ल लागते, आणि वयोमानाने जठराचे अस्तर झिजून ते आम्ल घटते. पित्तासाठी रोज उपाशीपोटी घेतलेली गोळी उरलेसुरले दाबून टाकते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन शोषणात आणखी खोडा घालते. जठर याशिवाय एक खास प्रथिनही स्रवते, ज्याच्याविना आतडे या जीवनसत्त्वाला दार उघडत नाही. बोस्टनच्या कॅसल नावाच्या डॉक्टरांनी १९२९ मध्ये ते सिद्ध केले, आणि कसे, तर स्वतः मांस खाऊन, घटकाभराने ते पोटातून काढून, रोग्याला देऊन. माळकरी श्रोत्यांनी क्षमा करावी. विज्ञानाला सोवळे नसते.

आपल्याकडे या उणिवेचा पसारा किती, याचा अंदाज डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुण्यातील पाहणीवरून येतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत खेड्यातील, झोपडपट्टीतील आणि मध्यमवर्गीय वस्तीतील ४४१ पुरुष तपासले, त्यांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ कमी भरले. ते तर चाळिशीच्या आसपासचे होते.

येथे एक धोक्याची गोष्ट. ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक आम्ल दिले, तर रक्त सुधारते आणि ब-१२च्या अभावी होणारा मज्जातंतूंचा नाश आतल्या आत चालूच राहतो. आणि कित्येकांत रक्त शाबूत असतानाच पायाला मुंग्या येतात किंवा विसराळूपणा जडतो. उलट आपल्या बाजारपेठेतील लाल, ‘ताकदीची’ सुई कोणत्याही तक्रारीवर टोचली जाते. तिच्यात बहुधा हेच जीवनसत्त्व असते, मात्र एका सुईने पेव भरत नाही, आणि नंतर केलेली रक्ततपासणी खोटी ग्वाही देते.

काकांना ब-१२च्या सुया रीतसर दिल्या. आठवड्याभरात मज्जेने नव्या पेशींची रवानगी सुरू केली, दोन महिन्यांत रक्त भरले. तळपायांची बधिरता मात्र पुरती गेली नाही, कारण तेथे उशीर झाला होता. पुढे गोळीवर भागले. हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतील शतांश भाग जठराच्या परवानगीवाचूनही आत शिरतो.

चालते-फिरते होताच त्यांनी मला हटकले, “बारावं कमी होतं म्हणतोस, मग आधीच्या अकरांचं काय?” मी सांगितले, की त्यांतील चौथे, आठवे, दहावे आणि अकरावे ही पुढे स्वतंत्र जीवनसत्त्वेच नव्हेत असे ठरल्यामुळे यादीतून गळाली. काका क्षणभर विचारात पडले आणि जुन्या सवयीने म्हणाले, “म्हणजे फेरफार नामंजूर. असं सरळ सांग की.”