पुडीतले दाणे

डोंबिवली किंवा ठाणे स्थानकाबाहेर कागदाच्या पुडीत मिळणारे शेंगदाणे आपण टाइमपास म्हणून खातो. जरा अन्यायच हा! वनस्पतिशास्त्रात शेंगदाणा कडधान्यांच्या कुळातला, पण पोषणात बदामाच्या पंक्तीला बसणारा. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम दाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात. स्निग्धांश भरपूर, पण बराचसा असंपृक्त, म्हणजे हृदयाला मानवणारा.

स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ अभ्यासात भूमध्यसागरी आहारासोबत रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचं एकत्रित प्रमाण कमी दिसलं. त्यात शेंगदाणे नव्हते, हेही सांगायला हवं.

मात्र शेंगदाण्यांच्या त्याच मुठीत सुमारे १७० कॅलरी असतात. कल्याण येईपर्यंत तीन पुड्या फस्त केल्या, तर हिशेब चुकला! रक्तदाब असेल तर खारे दाणे टाळा. पावसाळ्यात दाणे हवाबंद डब्यात ठेवा. बुरशी आलेले, खवट किंवा कडू दाणे फेकूनच द्या, कारण त्यांत अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असू शकतं. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे नकोत, घशात अडकतात. ॲलर्जी नसेल, तर त्यांना बारीक कूट कोशिंबिरीत घालून द्या.