झाड मान का टाकतं?

 पुण्यातल्या गॅलऱ्यांमधल्या कुंड्यांची खरी परीक्षा ऐन उन्हाळ्यात असते. पारा चाळिशीकडे सरकतो, हवा कोरडी ठाक होते आणि सकाळी टवटवीत असलेली तुळस दुपारी तीनला मान टाकते. घरातलं कुणीतरी लगबगीनं तांब्या घेऊन धावतं. ही धावपळ पुष्कळदा गरजेची नसते, आणि कधीकधी तर ती झाडाच्या मुळावर येते. असं का होतं हे कळायला पान मुळात कशाच्या आधारावर उभं राहतं, ते पाहायला हवं.

वड किंवा कडुलिंब लाकडाच्या जोरावर उभा असतो. कोथिंबीर, पालक, अळू यांच्या पानांत लाकूड नावालाच असतं. त्यांना ताठ ठेवतं ते पाणी. प्रत्येक पेशीच्या पोटात पाण्यानं भरलेली एक पिशवी असते, तिला रिक्तिका म्हणतात. तिच्यात साखर आणि क्षार विरघळलेले असल्यामुळे बाहेरचं पाणी पातळ पडद्यातून आत शिरत राहतं आणि पेशी फुगते. ती फुटत नाही, कारण तिच्याभोवती सेल्युलोजची चिवट भिंत असते. सायकलची ट्यूब टायरच्या आत फुगली की चाक टणक होतं, तसंच हे. मात्र इथला दाब भलताच मोठा असतो. मोटारीच्या टायरमध्ये हवा भरतात ती दोन-सव्वादोन वातावरणांच्या दाबानं. निरोगी पानाच्या पेशीत हा दाब पाच ते दहा वातावरणांपर्यंत जाऊ शकतो. एवढी ताकद पालकाच्या कोवळ्या पानात दडलेली असते, हे खरोखर नवल आहे.

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालतात, त्यामागेही हेच शास्त्र आहे. मीठ पडलं की पेशीबाहेरचं द्रावण आतल्यापेक्षा दाट होतं, पाणी उलट बाहेर पडतं आणि काकडी लुळी होते.

पानाला पाणी साठवून बसता येत नाही. अन्न तयार करायला कार्बन डायऑक्साइड हवा, त्यासाठी पानावरची बारीक छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, उघडावी लागतात, आणि ती उघडली की वाफ निसटते. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स यांनी कुंडीतलं सूर्यफूल वेळोवेळी तोलून हा खर्च मोजला आणि १७२७ मध्ये प्रसिद्ध केला. वैशाखातल्या दुपारी हा खर्च इतका वाढतो, की माती ओली असूनही मुळांना तितक्या वेगानं पुरवठा करता येत नाही. दाब उतरतो आणि पान लवतं. त्यातही झाडाचा थोडा लाभच असतो; लवलेल्या पानावर ऊन कमी पडतं, रंध्रंही मिटू लागतात. रात्री खर्च जवळजवळ थांबतो, मुळं मात्र पाणी ओढत राहतात, आणि पहाटेपर्यंत पान पुन्हा ताठ होतं. म्हणून झाडाची तहान दुपारी जोखू नये, सूर्योदयाला जोखावी.

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत हे सगळं रोज दिसतं. मुळं तोडलेल्या मेथीची जमेची बाजू संपलेली असते, उरतो तो फक्त खर्च. भाजीवाल्या पाणी शिंपडून ओलं गोणपाट झाकतात, तेव्हा पानांभोवतीची हवा गार आणि दमट होते आणि तो खर्च मंदावतो.

पहाटेही पान लवलेलंच असेल, तर शोध मातीत घ्यावा लागतो. पुण्याच्या आसपासची काळी माती पाणी पुष्कळ धरते, पण घट्टही धरते. तिच्या बारीक कणांना चिकटलेलं पाणी मुळांना ओढताच येत नाही, त्यामुळे हाताला ओलसर लागणाऱ्या काळ्या मातीतही रोप सुकतं. वाळूत ते जवळजवळ शेवटच्या थेंबापर्यंत तग धरतं.

पाणी असूनही पीक तहानलेलं राहतं, याचा सर्वांत बोलका दाखला नीरा खोऱ्यातला आहे. नीरा डाव्या कालव्याचं पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारामतीकडे पोचलं आणि ऊस वाढला. निचरा नसलेल्या जमिनीत भूजल वर चढलं, पाण्याची वाफ झाली आणि क्षार मागे राहिले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यासह या क्षारपड जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये तो प्रसिद्ध केला. अशा जमिनीत पिकाच्या पायाशी पाणी असतं, पण ते इतकं खारट असतं की मुळांत शिरत नाही. कोशिंबिरीतल्या काकडीवर येते तीच वेळ उभ्या पिकावर येते. तिथे आणखी पाणी देऊन भागत नाही. चर खणून खारं पाणी बाहेर काढावं लागतं.

कुंडीत मूठभर रासायनिक खत एकदम टाकलं की हाच प्रकार छोट्या प्रमाणावर घडतो. रोज तांब्या ओतत राहिलं, तर मातीतली हवा संपते, गुदमरलेली मुळं पाणी ओढेनाशी होतात आणि झाड ओल्या मातीत उभं राहून सुकतं. अशा वेळी पाणी थांबवून बोटभर माती उकरून पाहावी, आणि कुंडीच्या बुडाचं भोक मुळांनी किंवा गाळानं बुजलं असेल तर आधी ते मोकळं करावं.