सशाची तहान आणि सशाचा कोपरा



शहरांतल्या पुष्कळ बिऱ्हाडांतून आतां ससा पाळलेला दिसतो. तो भुंकत नाहीं, जागा फारशी अडवीत नाहीं, आणि मुलांना तर तो फारच आवडतो. परंतु थोड्याच दिवसांत घरांतून कुरकुर ऐकूं येते. हा पाण्याचें भांडें सारखें रितें करतो. ह्याची लघवी कधीं दुधासारखी, तर कधीं तांबडी. आणि कळस म्हणजे हा आपली लेंडीच खातो! ह्यांतील कोणत्या गोष्टी स्वाभाविक आणि कोणत्या खरोखर काळजीच्या, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

आपण पाळतों तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील, बिळांत समूहानें राहणारा. आपल्या माळरानावरचा ससा निराळ्या जातीचा. तो बीळ करीत नाहीं. बिळांतला प्राणी मलमूत्राची जागा ठरवून घेतो आणि आपल्या हद्दीवर वासाच्या खुणाही ठेवतो. म्हणूनच घरांतही तो एखादा कोपरा निवडतो. त्या कोपऱ्याशीं भांडूं नये. तेथेंच उथळ पेटी ठेवावी आणि तिच्या कडेला वाळलें गवत घालावें, कारण ससा चरतां चरतांच लेंड्या टाकतो. वयांत आल्यावर तो जिकडेतिकडे मूत्राचे शिंतोडे उडवूं लागला, तर तो द्वाडपणा नव्हे. तो आपली हद्द आंखीत असतो. तेथें शिक्षा व्यर्थ होय. पशुवैद्याकडून खच्चीकरण करविल्यास ही खोड बहुधा कमी होते.

आतां पाणी. निरोगी ससा वजनाच्या दर किलोमागें रोज सुमारें ५० ते १५० मिलिलिटर पाणी पितो; म्हणजे २ किलोच्या सशास १०० ते ३०० मिलिलिटर लागतें. हिरवा पाला भरपूर असला तर कमी. सुकें गवत व उन्हाळा असला तर अधिक. नळीच्या बाटलीपेक्षां जड, उथळ वाटी त्याला सोयीची. मात्र एक विलक्षण गोष्ट ध्यानांत असावी. पाणी न मिळालेला ससा खाणें सोडतो, आणि खाणें सुटलेला ससा पुष्कळदां पाणीच पीत बसतो. तेव्हां वाटी रिती झाली, कीं गवतही कमी झालें आहे ना, हें पाहावें. तहान वाढत जाऊन वजन उतरूं लागलें, तर मूत्रपिंडाच्या विकाराची शंका घ्यावी.

इतर बहुतेक प्राणी अन्नांतलें कॅल्शियम गरजेपुरतेंच शोषून घेतात. ससा मिळेल तितकें शोषतो आणि जास्तीचें मूत्रावाटे टाकतो. त्यामुळें त्याची लघवी गढूळ दिसते व वाळल्यावर पांढरा डाग राहतो. तांबूस छटा बहुधा पाल्यांतील रंगद्रव्यांची असते. परंतु रक्ताच्या गुठळ्या दिसल्या, ससा कुंथूं लागला, किंवा लघवी चिखलासारखी घट्ट झाली, तर विलंब करूं नये. शस्त्रक्रिया न झालेल्या प्रौढ मादींत गर्भाशयाच्या अर्बुदामुळेंही रक्त जातें.

राहिली लेंडी. मोरो ह्या फ्रेंच पशुवैद्यानें १८८२ सालीं ह्या संवयीचें वर्णन केलें. सशाची विष्ठा दोन प्रकारची असते. एक कोरड्या, गोल लेंड्यांची. दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या लहानशा घोसासारखी. ही दुसरी तो थेट गुदद्वाराशीं तोंड नेऊन खातो. आंतड्याच्या पिशवीसारख्या भागांत गवत आंबून तयार झालेलीं प्रथिनें व जीवनसत्त्वें तिच्यांत असतात. गाईचा रवंथ आपणांस किळसवाणा वाटत नाहीं. हाही त्यांतलाच प्रकार समजावा. उलट हे मऊ घोस न खातां पडून राहूं लागले, तरच विचार करावा: खुराक फार पौष्टिक आहे काय, ससा लठ्ठ झाला आहे काय, कीं वांकतांना त्याला दुखतें?

खरें भय रिकाम्या पेटीचें. ससा हा दुसऱ्यांचें भक्ष्य असलेला प्राणी. दुखणें लपविणें हा त्याचा स्वभाव. त्याला ओकतां येत नाहीं, आणि आंतड्यांची हालचाल थांबली तर एक-दोन दिवसांत तो दगावूं शकतो. लेंड्या एकाएकीं बारीक झाल्या वा बंद पडल्या, किंवा १२ तास त्यानें कांहींच खाल्लें नाहीं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां पशुवैद्य गांठावा. म्हणून पेटी झाडण्याचें काम नोकराकडे असलें, तरी झाडण्यापूर्वीं रोज सकाळीं घरच्या एकानें ती स्वतः पाहावी. लेंड्या किती, केवढ्या, आणि वाटींतलें पाणी किती उतरलें, हें पाहण्यास दोन मिनिटें पुरतात. आणि मुलांनाही हें काम सहज शिकवितां येतें.