नगराचा हिशेब मागणार कोण?



महापालिकेचा अर्थसंकल्प हा विषय रुक्ष आहे, याची मला जाणीव आहे. वृत्तपत्रांत तो वर्षातून एक दिवस गाजतो. किती कोटींचा, गतवर्षीपेक्षा किती मोठा, एवढे छापून येते आणि दुसऱ्या दिवशी विषय संपतो. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. गोवा राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून अधिक. हा एवढा मोठा जमाखर्च मंजूर कोणी केला? नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती आणि नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक होते. अंदाज त्यांनी मांडावेत आणि संमतीही त्यांनीच द्यावी, असा हा प्रकार. अधिकारी अप्रामाणिक होते, असे मला मुळीच सुचवायचे नाही. कामेही झाली. परंतु नेमका हाच प्रश्न मुंबईने दीडशे वर्षांपूर्वी एकदा सोडवला होता, हे आपण विसरलो.

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा सारा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आला. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. माणूस कर्तबगार होता. रस्ते, गटारे, स्वच्छता यांत त्याने शहराचे रूप पालटले. १८६९ मधली त्याच्या नावाची मंडई आज महात्मा फुले यांच्या नावाने उभी आहे. पण खर्चाला लगाम नव्हता. त्याच्यावर देखरेख करणारे ‘जस्टिसेस’ सरकारनियुक्त. त्यांना करदात्यांपुढे उभे राहायचे नव्हते. पालिका अडचणीत आली आणि १८७१ मध्ये करदाते खवळून उठले. नवरोजी फर्दुनजी त्यांच्या अग्रभागी होते.

या गदारोळात फिरोजशहा मेहता नावाचा तरुण बॅरिस्टर क्रॉफर्डच्या बाजूने बोलायला उभा राहिला आणि श्रोत्यांचा रोष ओढवून बसला. त्याचे प्रतिपादन असे होते की, दोष कमिशनरचा नाही, त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या रचनेचा आहे. करदात्यांनी निवडलेले प्रतिनिधी आणा. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली. त्यातील निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. पुढे १८८८ च्या अधिनियमाने स्थायी समिती दिली, आणि याच अधिनियमावर मुंबई महापालिकेचा कारभार आजही चालतो. (योगायोग पाहा, त्याच १८८८ साली पुण्यात क्रॉफर्ड प्रकरण उद्भवले आणि मामलेदारांच्या बाजूने टिळकांनी रान उठवले. पण तो वेगळा विषय.)

१८७१ मध्ये हिशेब मागितला तो कर भरणाऱ्याने, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आज आपण काय करतो? कराचा आणि नागरिकाचा संबंधच तोडत चाललो आहोत. जकात होती तेव्हा ती नाक्यावर व्यापारी भरत असे. तिच्यातील भ्रष्टाचाराच्या कथा सांगायला नकोत. ती गेली याचे दुःख कुणाला नाही. परंतु २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईचे सर्वांत मोठे उत्पन्न राज्य सरकारकडून येणाऱ्या नुकसानभरपाईत रूपांतरित झाले. ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते, हे खरे. पण स्वतःच्या मिळकतीचे शहर भत्त्यावर आले, हेही तितकेच खरे. भर म्हणून २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. मध्यमवर्गीयाला सवलत हवीशी वाटते, मलाही वाटते. पण पालिकेचे देयकच घरी येत नाही, तो पालिकेला जाब कशाच्या बळावर विचारणार? बाजारातील प्रत्येक वस्तूवर आपण कर भरतोच. मात्र त्यातील किती पैसा आपल्या गल्लीत परत येतो, हे कळण्याची सोय राहिलेली नाही.

नोकरभरतीची कथा याहून चमत्कारिक. आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत असावा, असा शासनाचा दंडक आहे. हेतू चांगला. परिणाम असा की, ती मर्यादा ओलांडलेल्या पालिकांत भरती थांबते, अभियंता निवृत्त होतो आणि त्याची खुर्ची रिकामी राहते. काम मात्र थांबत नाही. ते कंत्राटदाराकडे जाते आणि त्याचा खर्च बहुधा ‘देखभाल’ किंवा ‘सेवा’ या शीर्षाखाली पडतो. कागदावर आस्थापना आटोक्यात, तिजोरी मात्र तितकीच रिकामी! शिवाय कंत्राटदाराचे काम मोजून घेणारा अनुभवी माणूस पालिकेत उरत नाही, ते नुकसान कोणत्याच शीर्षात दिसत नाही.

हिशेब नीट ठेवणे अशक्य आहे, असे मात्र कोणी सांगू नये. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे ७.५९ टक्के व्याजाने बाजारात आणले. त्यासाठी पतमापन झाले, लेखे तपासले गेले, मुंबई शेअर बाजारात नोंदणी झाली. सावकाराला दाखवता येतात ती खातेपुस्तके मतदाराला का दाखवू नयेत? २००४ मध्येच राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिका तयार झाली आणि द्विनोंदी पद्धतीचा आग्रह धरला गेला. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ प्रमाणे अंदाजपत्रक आणि खर्च कोणी अर्ज न करताही प्रसिद्ध व्हायला हवा.

आता सभागृहे पुन्हा भरली आहेत. आपल्यापैकी अनेकजण प्रभागात काम करतात, नगरसेवकांना नावाने ओळखतात. त्यांना भेटाल तेव्हा ‘आमच्या भागाला किती निधी आणला’ हे विचारण्याआधी, गेल्या वर्षीच्या तरतुदीपैकी प्रत्यक्ष किती खर्च झाला आणि मुख्य लेखापरीक्षकाने घेतलेल्या आक्षेपांपैकी किती निकाली निघाले, हे विचारा. पहिल्या भेटीत उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या भेटीला जाताना लेखापरीक्षण अहवालाची प्रत सोबत न्या.